जपानी शब्द : आधी कोणते शिकावेत आणि का

जपानमध्ये पहिलीतले मूल ‘इनु’ म्हणजे कुत्रा हा शब्द कांजी, म्हणजे चिनी मुळाच्या चिन्हाने लिहायला शिकते. ‘नेको’ म्हणजे मांजर मात्र प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांच्या कांजी-यादीत येतच नाही. ते चिन्ह माध्यमिक शाळेच्या वाट्याला जाते. खरे तर हे दोन्ही प्राणी मुलाला एकाच वयात भेटलेले असतात. बोलायला लागण्याच्या वयात कुत्रा ‘वानवान’ असतो आणि मांजर ‘न्यान्या’, जसे मराठी घरात भूभू आणि माऊ. म्हणजे तोंडात बसलेला शब्द एका वयाचा आणि त्याचे लिखित रूप भलत्याच वयाचे. जपानी शब्द डोळ्यांसमोर आल्यावर तो ओळखायला किती वेळ लागेल, हे या दोन्ही वयांवर अवलंबून असते. जपानीचा अभ्यास आखणाऱ्याने ही गोष्ट पहिल्याच महिन्यात समजून घ्यावी, कारण नंतर तिचा उपयोग कमी होत जातो.

लवकर शिकलेले शब्द पटकन ओळखू येतात, याची शास्त्रीय चर्चा पन्नास वर्षांहून जुनी आहे. १९७३ मध्ये कॅरल आणि व्हाइट या संशोधकांनी लोकांना चित्रे दाखवून नावे सांगायला लावली. ज्या वस्तूंची नावे लहानपणी शिकलेली, ती चटकन तोंडात आली; शब्द रोजच्या वापरात किती, यापेक्षा तो केव्हा शिकला याचा प्रभाव जास्त दिसला. पुढे अनेक भाषांत हे तपासले गेले. जपानीपुरते महत्त्वाचे काम १९९७ चे आहे. यामाझाकी, एलिस, मॉरिसन आणि लॅम्बन राल्फ यांनी जपानी प्रौढांना एकेक कांजी दाखवून ती मोठ्याने वाचायला सांगितली. चिन्ह दिसल्यापासून आवाज फुटेपर्यंतचा वेळ मोजला, तेव्हा दोन वेगवेगळे परिणाम हाती आले : शब्द बोलण्यात कोणत्या वयात आला याचा एक, आणि चिन्ह कोणत्या वयात शिकले याचा दुसरा.

हा फरक सेकंदाच्या अगदी छोट्या हिश्शाचा असतो. एका शब्दात तो जाणवतही नाही. पण उताऱ्याच्या प्रत्येक ओळीत चार-पाच ठिकाणी डोळा असा अडखळला, तर पान संपेपर्यंत वाक्याची सुरुवात विसरलेली असते. जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेच्या एन-टू किंवा एन-वन या वरच्या पातळ्या देणारे ‘शब्द येत होते, पण वेळ पुरला नाही’ म्हणतात, तेव्हा ते बहुतेक वेळा याच अडखळण्याबद्दल बोलत असतात.

असे का होते, यावर एकच एक उत्तर नाही, पण दोन स्पष्टीकरणे शिकणाऱ्याच्या कामाची आहेत. पहिले असे की आधी आलेल्या शब्दांभोवती नंतरच्या शब्दांचे जाळे विणले जाते, त्यामुळे जुन्या शब्दांना जास्त वाटा फुटलेल्या असतात. दुसरे स्पष्टीकरण २००० मध्ये एलिस आणि लॅम्बन राल्फ यांनी संगणकावर दाखवले. मेंदूच्या धर्तीवर बनवलेल्या जालाला त्यांनी आधी एक शब्दसंच शिकवला आणि काही काळाने त्यात दुसऱ्याची भर घातली. पुढे दोन्ही संचांचा सराव सारखाच चालू राहिला, तरी पहिल्या संचाची आघाडी पूर्णपणे मोडली नाही. सुरुवातीला जाल लवचीक असते, पहिल्या संचाने त्याला आकार दिला की दुसऱ्याला त्याच आकारात जागा शोधावी लागते.

यातला पुढचा धागा थेट जपानी लिपीकडे जातो. जिथे अक्षर आणि उच्चार यांचे नाते नियमाने बांधलेले असते, तिथे उशिरा आलेल्या शब्दालाही जुन्या नियमाचा आधार मिळतो. जिथे नाते मनाला येईल तसे असते, तिथे हा आधार नसतो. हिरागाना आणि काताकाना या उच्चार दाखवणाऱ्या लिप्या पहिल्या प्रकारात येतात. प्रत्येकी ४६ मूळ अक्षरे आणि त्यांवरच्या खुणांचे मोजके नियम आले की त्या लिपीतला कोणताही शब्द वाचता येतो. आ-इ-उ-ए-ओ, मग का, सा, ता, ना हा त्यांचा क्रमही संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून आलेला आहे, त्यामुळे मराठी माणसाला तो परका वाटत नाही. कांजी दुसऱ्या प्रकारातली. पहिलीत शिकवले जाणारे ‘जीवन’ या अर्थाचे एकच चिन्ह कुठे ‘सेइ’ वाचायचे, कुठे ‘शो’, कुठे ‘नामा’, तर क्रियापदात ‘इकिरु’ किंवा ‘उमारेरु’. हे केवळ लक्षात ठेवावे लागते. म्हणून शिकण्याच्या क्रमाचा परिणाम कांजीत जास्त ठळक असतो, आणि म्हणूनच कांजीचा क्रम विचार न करता ठरवू नये.

आता कळीचा प्रश्न. पंचविसाव्या किंवा पन्नासाव्या वर्षी जपानी सुरू करणाऱ्याचे काय? त्याचे बालपण तर मराठीत गेले.

याचे उत्तर दिलासा देणारे आहे. २००२ मध्ये इझुरा आणि एलिस यांनी स्पॅनिश मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजी नंतर शिकलेल्या लोकांवर प्रयोग केले. इंग्रजी शब्द ओळखण्याचा वेग त्या शब्दाचा स्पॅनिश जोडीदार बालपणी केव्हा शिकला यावर ठरत नव्हता. इंग्रजीत तो शब्द केव्हा आला यावर ठरत होता. म्हणजे नव्या भाषेत घड्याळ पुन्हा शून्यापासून चालू होते. चाळिसाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्यालाही ‘लवकरचे’ आणि ‘उशिराचे’ जपानी शब्द असतातच. लवकरचे म्हणजे पहिल्या काही महिन्यांतले.

वयाने काही दारे अरुंद होतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले की सहा ते आठ महिन्यांची जपानी बाळे इंग्रजी ‘र’ आणि ‘ल’ मधला फरक अमेरिकन बाळांइतकाच ओळखतात. दहा ते बारा महिन्यांची होईपर्यंत जपानी बाळांची ही क्षमता घटते आणि अमेरिकन बाळांची वाढते. कानाचे हे असे आहे, आणि अस्सल उच्चाराची गोष्ट त्यामुळे वयाशी घट्ट बांधलेली राहते. शब्दसंग्रहाचे तसे नाही. तो उतारवयापर्यंत वाढत राहू शकतो. हॉलंडमध्ये राहायला गेलेल्या इंग्रजी भाषकांवरचा १९७८ चा एक गाजलेला अभ्यास तर सांगतो की पहिल्या काही महिन्यांत मोठी मुले आणि प्रौढ लहानग्यांच्या पुढे असतात. निवृत्तीनंतर जपानी शिकू पाहणाऱ्याने ‘आता कुठे शब्द राहणार लक्षात’ हे वाक्य मनातून काढून टाकावे.

मग पहिल्या महिन्यांत प्रत्यक्षात काय शिकवले जाते? पुण्या-मुंबईच्या वर्गांत ‘मिन्ना नो निहोंगो’ हे पुस्तक सर्रास चालते. त्याच्या पहिल्याच धड्यात ‘काइशाइन’ म्हणजे कंपनीतला कर्मचारी, ‘गिन्कोइन’ म्हणजे बँक कर्मचारी आणि ‘केन्क्यूशा’ म्हणजे संशोधक हे शब्द येतात. नोकरी किंवा शिक्षणासाठी जाणाऱ्याला ओळख करून देताना ते लागतात, त्यामुळे पुस्तकाची निवड चूक नाही. पण जपानी मुलाच्या तोंडी पहिल्यांदा बसणारे शब्द इथे बराच काळ फिरकत नाहीत. ‘कुशामी’ म्हणजे शिंक, ‘आकुबी’ म्हणजे जांभई, ‘शाक्कुरी’ म्हणजे उचकी, ‘कायुइ’ म्हणजे खाज येणे, ‘होकोरी’ म्हणजे धूळ, ‘बुरांको’ म्हणजे झोपाळा. मीटिंगमध्ये सफाईने बोलणारा माणूस दवाखान्यात किंवा शेजाऱ्याच्या दारात अचानक मुका होतो, त्याचे कारण इथे आहे. कामाचे शब्द त्याचे ‘बालपणीचे’ झाले आणि अंगा-घरातले शब्द ‘प्रौढपणाचे’.

यावर उपाय साधा आहे. पुस्तकाच्या जोडीने पहिल्याच दिवसापासून घर-शरीर-हालचाल यांच्या शब्दांची दुसरी वही सुरू करावी. शरीराचे अवयव, स्वयंपाकघरातली भांडी, हवामान, रस्त्यावरच्या गोष्टी आणि मुख्य म्हणजे क्रियापदे : उचलणे, ठेवणे, सांडणे, पुसणे, अडकणे, घसरणे. वस्तू मोजण्याची पद्धतही याच वहीत यावी. लांबट वस्तू मोजताना ‘इप्पोन, निहोन, सान्बोन’ असा बदलणारा उच्चार व्याकरणाचा धडा म्हणून शिकला की तो कायम हिशेब करूनच आठवावा लागतो. घरातल्या पेन्सिली आणि छत्र्या मोजत शिकला की जिभेवर बसतो.

याच वहीत एक पान नादशब्दांचे असावे, आणि मराठी माणसाला इथे उपजतच फायदा आहे. जपानीत ‘झाझा’ म्हणजे धो धो पाऊस, ‘पिकापिका’ म्हणजे चकचकीत, ‘गोरोगोरो’ म्हणजे गडगडाट, ‘दोकीदोकी’ म्हणजे छातीतली धडधड. दुखणे सांगायलाही हेच शब्द लागतात : ‘झुकीझुकी’ म्हणजे ठसठस, ‘चिकुचिकु’ म्हणजे टोचल्यासारखे, ‘हिरीहिरी’ म्हणजे चुरचुर. जपानी डॉक्टर रुग्णाला सर्रास असेच विचारतात. अभ्यासक्रम हे शब्द बहुधा पुढच्या पातळीसाठी राखून ठेवतात. पण मुत्सुमी इमाई आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवले की तीन वर्षांच्या जपानी मुलांना नवे क्रियापद शिकताना नादाशी अर्थ जुळणारा शब्द दिला तर ते जास्त चांगले शिकतात. ज्या भाषेत रिपरिप, भुरभुर आणि किरकिर रोज बोलले जाते, त्या भाषेतून आलेल्याने ही शिडी वापरायलाच हवी.

दुसरी गोष्ट क्रमाची, आणि या लेखात सर्वांत आग्रहाने सांगायची. आधी कान, मग चिन्ह. यामाझाकींच्या प्रयोगातले दोन परिणाम जपानी माणसात स्वतंत्रपणे दिसतात, कारण त्याच्याकडे शब्द आधी आणि कांजी नंतर आलेली असते. परदेशी विद्यार्थी मात्र अनेकदा कांजी, तिचे वाचन आणि मराठी अर्थ हे तिन्ही एकाच कार्डावर, एकाच मिनिटात शिकतो. परिणामी चिन्ह पाहून त्याला अर्थ कळतो, पण उच्चार मागाहून येतो. आणि तोच शब्द कुणी बोलले तर ओळखूच येत नाही. शक्य तिथे निदान आठवडाभराचे अंतर ठेवावे. ‘देन्शा’ म्हणजे आगगाडी हा शब्द आधी ऐकलेला, चित्रासमोर म्हटलेला, दोन-चार वाक्यांत वापरलेला असावा. नंतर त्याची कांजी पाहिली की चिन्ह आधीच तयार असलेल्या आवाजाला जाऊन चिकटते.

त्या आवाजाची पहिली छाप नीट पडली पाहिजे, आणि इथे मराठी वही दगा देते. या लेखात वाचकांच्या सोयीसाठी जपानी शब्द देवनागरीत लिहिले आहेत. अभ्यासाच्या वहीत ती सवय नको. ‘इथे’ आणि ‘हायस्कूल’ हे दोन्ही शब्द देवनागरीत ‘कोको’ असेच उमटतात, कारण आपल्याकडे ऱ्हस्व ओ वेगळा लिहिता येत नाही. जपानीत मात्र दुसऱ्या शब्दातले दोन्ही ‘ओ’ दुप्पट लांबीचे आहेत. काकू आणि आजी या दोघींसाठीचे शब्दही ‘ओबासान’ असेच लिहिले जातात. आजीचा ‘बा’ लांब असतो इतकाच फरक. मराठी बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घ इ आणि उ यांची लांबी फारशी पाळली जात नाही, त्यामुळे ‘युकी’ म्हणजे हिम आणि ‘यूकी’ म्हणजे धैर्य यांतही गोंधळ होतो. पहिल्या आठवड्यांत चुकीच्या लांबीने बसलेला शब्द पुढे हलवायला फार कष्ट पडतात. म्हणून हिरागाना लवकर शिकून शब्द त्यातच उतरवावेत आणि प्रत्येक मात्रेला बोटाने टिचकी मारत म्हणावेत. उलट काही उच्चार मराठी माणसाला आयतेच मिळालेले आहेत. ‘चूल’मधला दंतमूलीय च ज्याला येतो, त्याला ‘त्सुकुए’ म्हणजे टेबल किंवा ‘कुत्सु’ म्हणजे बूट म्हणताना अडत नाही, आणि ‘पत्ता’, ‘कट्टा’ म्हणणाऱ्याला ‘कित्ते’ म्हणजे पोस्टाचे तिकीटही सहज जमते.

कांजी कोणत्या क्रमाने घ्यावी? जपानच्या शिक्षण मंत्रालयाची प्राथमिक शाळेसाठी इयत्तावार यादी आहे. २०२० पासून तिच्यात १,०२६ चिन्हे आहेत, पहिलीत ८०, दुसरीत १६०. त्यापूर्वी ती १,००६ होती. वाढलेली २० चिन्हे प्रांतांच्या नावांसाठी चौथीत घातली गेली. रोजच्या वापरासाठी ठरवलेली पूर्ण यादी २,१३६ चिन्हांची आहे. अनेक शिक्षक परदेशी विद्यार्थ्यालाही इयत्तावार यादीच हातात देतात. ती यादी उत्तम आहे, पण हजारो बोली शब्द घेऊन शाळेत आलेल्या मुलासाठी. पहिलीच्या यादीत ‘काइ’ म्हणजे शिंपला, ‘मुशी’ म्हणजे किडा, ‘ताके’ म्हणजे बांबू आहेत. जपानी मुलाला ते ओळखीचे असतात, पुण्यातल्या अभियंत्याला नसतात. मोठ्यांनी आपला क्रम स्वतः लावावा : जो शब्द कानाने ओळखीचा झाला, त्याचीच कांजी पुढच्या आठवड्यात. यादीतला नंबर दुय्यम मानावा. जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेचीही याला आडकाठी नाही. १९८४ पासून होणारी ही परीक्षा २०१० मध्ये पाच पातळ्यांची झाली, तेव्हापासून अधिकृत शब्दयादी प्रसिद्धच होत नाही. बाजारातल्या याद्या प्रकाशकांनी बांधलेल्या असतात. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ओळीने पाठ करण्याचे बंधन कुणावर नाही.

उशिरा येणाऱ्या शब्दांचे काय करायचे, हाही प्रश्न राहतो, कारण एन-वनचे शब्द कधी ना कधी घ्यायचेच आहेत. त्यांना जुन्या शब्दाला टांगावे. विजेचे चिन्ह जपानी मूल दुसरीत शिकते. ‘देन्शा’ आणि ‘देन्वा’ म्हणजे फोन पक्के असले, की ‘देन्ची’ म्हणजे बॅटरी, ‘तेइदेन’ म्हणजे वीज जाणे, ‘हात्सुदेन’ म्हणजे वीजनिर्मिती हे शब्द त्याच खुंटीवर बसतात. सुटे चाळीस शब्द घोकण्यापेक्षा अशी दहा कुटुंबे बांधलेली जास्त टिकतात. शिवाय वापराची वारंवारता काही थांबत नाही. उशिरा आलेला शब्द रोज भेटू लागला की त्याचाही वेग सुधारतो. लवकर आलेल्याशी बरोबरी झाली नाही तरी काम अडत नाही.

पहिल्या शब्दाची पकड कधी अडचणीचीही ठरते. ‘कोएन’ म्हणजे बाग, हे सुरुवातीच्या धड्यांत येते. पण ओ लांबवलेला अगदी हाच उच्चार व्याख्यान, नाट्यप्रयोग आणि पाठिंबा या अर्थांच्या वेगळ्या शब्दांचाही आहे. विद्यापीठात ‘कोएन’ची घोषणा झाली की नवख्याच्या डोळ्यांसमोर आधी झोपाळेच येतात. ‘कागाकु’ म्हणजे विज्ञान आणि रसायनशास्त्र दोन्ही. तिथे जपानी माणसेही घोटाळा टाळायला रसायनशास्त्राला ‘बाकेगाकु’ म्हणतात. असे समोच्चारी शब्द वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवावेत आणि प्रत्येकासाठी एक संपूर्ण वाक्य पाठ करावे, नुसता अर्थ नव्हे.

स्वतःची चाचणी घेताना ‘शब्द येतो का’ इतकेच पाहू नये, ‘किती लवकर येतो’ हे पाहावे. कार्डाच्या एका बाजूला कांजी, मागे हिरागाना आणि छोटेसे चित्र. मराठी अर्थ लिहू नये. कांजी दिसताच मोठ्याने वाचावे. श्वास घेऊन आठवावे लागले, तर ते उत्तर बरोबर असले तरी कार्ड कच्च्या गठ्ठ्यात टाकावे. आठवड्यातून एकदा तेच शब्द घरातल्या कुणाला रोमन लिपीत देऊन वाचायला लावावेत आणि डोळे मिटून ओळखावेत. दोन्ही परीक्षांत वेगळे शब्द अडतात, आणि नेमके काय कच्चे आहे, कान की डोळा, हे त्यातूनच कळते.

तोक्योच्या निशी-कासाइ भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. तिथली मुले पाळणाघरात आणि मैदानात जपानी शब्द खऱ्या अर्थाने बालवयात उचलतात. अशा मुलांना घरी कांजीची कार्डे घोटायला लावण्याची घाई पालकांनी करू नये. गोष्टी ऐकवाव्यात, मित्रांत खेळू द्यावे, ‘इनाइ इनाइ बा’सारखी चित्रपुस्तके एकत्र वाचावीत. १९६७ पासून चालत आलेले हे छोटे पुस्तक सबंध हिरागानात आहे. शब्दांचा साठा मोठा झाला की शाळेतली चिन्हे त्याला आपोआप येऊन मिळतात. भारतात राहणाऱ्या मुलाला मात्र भोवती जपानी ऐकूच येत नसेल, तर केवळ ‘लहान वयात सुरू व्हावे’ म्हणून आठवड्यातून एका तासाचा वर्ग लावण्याने फार काही साधत नाही. लहान वयाचा फायदा रोज ऐकण्यातून मिळतो.

या वर्षी वर्गात नाव घालणाऱ्यांनी पहिल्या तीन महिन्यांत फार पुढे धावू नये. त्या काळात येणारे शब्द पुढे आयुष्यभर सर्वांत जलद चालणारे शब्द ठरणार आहेत. ते मोजके असले तरी चालतील, पण रोजच्या जगण्यातले असावेत, योग्य लांबीच्या उच्चाराने कानात बसलेले असावेत, आणि कांजीला त्यानंतर हात लावावा. डिसेंबरची परीक्षा हुकली तर जुलैत पुन्हा असते.